ऑल्डनचं बारसं

जर्सी सिटी
१६ फेब्रुवारी १९८३

ती. ताई,

तार मिळाली असेलच. 'मुलगा, दोघं छान' एवढ्यावर तुझं भागणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून आज पहिल्यांदा सवड मिळाली तशी लिहायला बसलोय.

तुझा भाचा तीन आठवडे आधीच आला, आणि आला तोही बर्फाच्या वादळाचा मुहूर्त बघून. शुक्रवारी ऑफिस लवकर सोडलं. मॅनहॅटनहून नदीखालच्या गाडीनं घरी पोचतो तर उत्तरा बॅग घेऊन दारात उभी. टॅक्सीवाले फोन उचलेनात, रस्त्यात गुडघाभर बर्फ. काहीतरी करायला हवं म्हणून मी चहा टाकला. ही गोष्ट उत्तरा जन्मभर सगळ्यांना सांगणार आहे, तेव्हा निदान तुला तरी माझ्याकडून कळू दे.

आमच्या खालच्या मजल्यावर मिस्टर ऑल्डन पर्किन्स राहतात. शाळेत मुलांना बँड शिकवायचे, आता रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली. बायको नाही, मूलबाळ नाही. गडबड ऐकून ते वर आले. माझ्याकडे बघितलं, चहाच्या आधणाकडे बघितलं, गॅस बंद केला आणि म्हणाले, "सन, गेट युवर कोट."

त्यांची गाडी त्यांच्याच वयाची वाटते. वायपर चालेना, म्हणून खिडकीबाहेर डोकं काढून चालवत होते. उत्तराला कळ आली की मोठ्यानं ताल मोजायचे आणि बँडच्या मुलांना शिकवावं तसं श्वास कधी घ्यायचा ते सांगायचे. उत्तरा म्हणते, डॉक्टरपेक्षा त्याचाच उपयोग झाला. शनिवारी सकाळी बाळ झालं. रात्रभर ते बाहेर बाकावर बसून होते.

आता मूळ मुद्दा. तुला राग येणार आहे, म्हणून आधीच पायावर डोकं ठेवतो.

काल घरी सोडताना नर्सनं बाळाचं नाव विचारलं. मी म्हटलं, अजून नाही, आमच्यात बाराव्या दिवशी ठेवतात, माझी बहीण इंडियातून कळवेल. "युअर सिस्टर?" मी म्हटलं, हो, तिचा हक्क आहे तो. तिनं उत्तराकडे बघितलं, उत्तरानं मान डोलावली. नाव नंतरही देता येईल, पण मग तुम्हाला खेटे घालावे लागतील, असं नर्स म्हणाली. बाहेर बर्फ, मला सुट्टी नाही. समोर दाराबाहेर, आम्हाला न्यायला आलेले ऑल्डन ओली टोपी मांडीवर घेऊन बसलेले. मी म्हटलं, "लिहा, ऑल्डन."

ताई, मी ते कागदापुरतं दिलं गं. मला शाळेत घालताना गुरुजींनी जन्मतारीख एक जून टाकली, ती आजही माझ्या पासपोर्टवर आहे. कुणाचं काही बिघडलं का? घरी आपण वाढदिवस श्रावणातच करतो. मला वाटलं, कागदाचं कागदापाशी, बारशाचं नाव तेच खरं. आज ऑफिसात अमितला हे सांगितलं तर तो कपाळाला हात लावून म्हणाला, "यार, तू पर्मनंट नाव देऊन आलास! इथं स्कूल, बँक, डॉक्टर, सगळीकडे तेच चालणार."

आणि काल, हे नाव कागदापुरतंच आहे असं मी सांगायच्या आत नर्सनं बाहेर जाऊन ऑल्डनना बातमी दिली होती. ते उभे राहिले, डोक्यावर नसलेली टोपी काढायला हात वर गेला, आणि मग पुन्हा बसले.

बारसं मी पुढं ढकललंय. तू काय ते कळव.

तुझा,
प्रल्हाद


कऱ्हाड
२ मार्च १९८३

चि. प्रल्हाद,

आधी बाळाला आणि उत्तराला भरभरून आशीर्वाद. तुला नंतर, उरले तर.

तार आली तेव्हा मी आठवीच्या वर्गावर होते. शिपायाच्या हातात तार बघून मुलींचे चेहरे उतरले, कारण तार म्हणजे कुणीतरी गेलं असंच आपल्याकडे. मी वाचून हसायलाच लागले. मग मुलीही हसायला लागल्या, आणि त्या दिवशीचं व्याकरण तिथंच राहिलं. शाळेत पेढे वाटले. शेजारी दिगंबर डॉक्टरांकडे दिले, तर सरलाकाकूंनी तुझ्या लहानपणीचे सगळे पराक्रम पुन्हा एकदा ऐकवले.

आणि मग तुझं पत्र आलं.

ऑल्डन पाटणकर! मी आरशासमोर उभी राहून मोठ्यानं म्हणून बघितलं. सरलाकाकू धावत आल्या, ठसका लागला का म्हणून. कागदाचं कागदापाशी, म्हणे! इंजिनिअर झालास, अमेरिकेला गेलास, आणि जिथं राहतोस तिथं काय चालतं एवढं विचारायचं सुचलं नाही तुला? विचारणार कधी? चहा करत होतास!

तुझं बारसं मला लख्ख आठवतं. मी आठ वर्षांची होते. आई अंथरुणाला खिळलेली, तेव्हा तुला मांडीवर घेऊन मीच बसायचे आणि तुला श्रीरंग म्हणायचे. बाबांनाही ते नाव पसंत होतं. बारशाच्या दिवशी गोदूआत्या साताऱ्याहून आली, पाय धुतले, पाळण्यात वाकली आणि कुणाला न विचारता तुझ्या कानात म्हणाली, प्रल्हाद. बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या, झालं. बाबा हूं की चूं करू शकले नाहीत. आत्यानं कानात सांगितलं की ते नाव पक्कं. मी कोपऱ्यात जाऊन रडत बसले. तेव्हा गोदूआत्याच जवळ आली आणि म्हणाली, रडू नको, याला मुलगा होईल तेव्हा आत्या तूच.

तेव्हापासून ते नाव मी राखून ठेवलंय. बारशाआधी नाव फोडायचं नसतं म्हणून इतकी वर्षं ओठांवर येऊ दिलं नाही. आज लिहिलं, कारण रीत तूच आधी मोडलीस. मला नवरा नाही, मूल नाही, आणि त्याचं मी रडगाणं गात नाही हे तुला माहीत आहे. पण हा एक हक्क माझा होता, आणि तो तू खुर्चीवर बसलेल्या माणसाकडे बघून देऊन टाकलास. मला फार लागलंय हे.

तरी मी शिक्षिका आहे. पेपर न तपासता नापास करत नाही. या नावाचा अर्थ काय? ते आलं कुठून? आणि तुमच्या देशात किती जणांचं आहे? की म्हाताऱ्या पर्किन्सांपाशीच ते संपतं? नीट बघून कळव.

उत्तराला डिंकाचे लाडू कोण करून घालतंय?

ताई


जर्सी सिटी
२७ मार्च १९८३

ती. ताई,

लाडू सुलेखा म्हणून उत्तराची मैत्रीण आहे, तिनं केले. डिंक न्यूअर्क ॲव्हेन्यूवर मिळाला. तुझ्या शिव्याही पोचल्या, त्याही पौष्टिकच होत्या.

तू प्रश्न विचारलेस याचा मला किती आनंद झाला म्हणून सांगू! शनिवारी तडक लायब्ररीत गेलो. जिन्यात ऑल्डन भेटले. कुठं निघालास विचारलं, मी म्हटलं तुमच्या नावाचा अर्थ शोधायला. तर टाय बांधून माझ्याबरोबर आले.

लायब्ररीतल्या बाईंनी नावांचं एक जाडजूड पुस्तक काढून दिलं. ऐक. नाव जुन्या इंग्रजीतलं आहे, हजारेक वर्षांपूर्वीच्या. दोन शब्द एकत्र येऊन झालेलं. अर्थ, जुना मित्र. मग मधल्या काळात ते नाव मागं पडून त्याचं आडनावच झालं. साडेतीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडहून इथं जे नामांकित जहाज आलं, त्यावर पिंपं बांधणारा एक ऑल्डन होता, तोही आडनावाचा. पुढं कुणी कुणी त्या आडनावाचं पुन्हा पहिलं नाव केलं, पण थोड्यांनीच. बाईंनी हौसेनं हल्लीच्या आवडत्या नावांच्या याद्या काढल्या. मायकेल, ख्रिस्तोफर, जेसन यांची नुसती रीघ लागली आहे. ऑल्डन कुठंच नाही. "व्हेरी रेअर," म्हणाल्या त्या.

ऑल्डन पुस्तकावरून बोट फिरवत दोनदा वाचत राहिले. मला म्हणाले, "सगळी हयात हे नाव वापरलं आणि अर्थ आज कळतोय. शाळेत मुलं हसायची. मला बिल असं साधं नाव हवं होतं." मग बाईंना सांगायला लागले, की आता आणखी एक ऑल्डन आहे, अठरा इंचांचा होता, आता जरा मोठा झालाय. परत येताना पोस्टमनला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, कोपऱ्यावरच्या पोलिश बेकरीत सांगितलं. बेकरीवाल्या म्हातारीनं मला एक पाव फुकट दिला आणि गालाला हात लावला. तिला वाटलं मी त्यांचा जावईच आहे.

नाव बदलता येतं, तशी मी चौकशी केली आहे. पण तुझे प्रश्न वाचून वाटलं, तुला ते थोडं थोडं पटायला लागलंय. पटलं ना गं?

प्रल्हाद


कऱ्हाड
१० एप्रिल १९८३

चि. प्रल्हाद,

अर्थ कळला. उगम कळला. कुणी ठेवत नाही हेही कळलं. प्रश्न विचारला की गुण मिळालेच, असं तुला कुणी सांगितलं?

दोन महिन्यांच्या पोराचं नाव जुना मित्र! कुणाचा मित्र? जुना कधी झाला? त्यात ना देव, ना नदी, ना फूल.

पत्रात त्या गृहस्थांची दोन पानं आहेत. बाळाचे डोळे कुणासारखे, केस किती, कुशीवर वळतं का, यातलं एक अक्षर नाही. मी पत्र उलटून पालटून शोधलं.

नाव बदलून टाक. श्रीरंग. मला दुसरं काही नको. गृहस्थ भले आहेत, त्यांचे उपकार मी विसरणार नाही, त्यांना स्वेटर विणून पाठवीन. पण भाचा माझा आहे.

पाडवा तोंडावर आलाय. आशीर्वाद.

ताई


जर्सी सिटी
२५ एप्रिल १९८३

ती. वन्सं,

शि. सा. नमस्कार. यांना पत्र लिहायला धीर होत नाहीये, म्हणून मीच लिहिते.

आधी तुमचं राहिलेलं उत्तर. डोळे तुमच्यासारखे आहेत. खरंच. यांचे बारीक, माझे घारे; याचे काळेभोर आणि टपोरे, आणि बघतो ते तपासून बघितल्यासारखं. केस भरपूर. कुशीवर वळतो, मग परत उताणं होता येत नाही म्हणून आम्हालाच रागावतो. रंग उन्हात न्यायला मिळाला की सांगते, इथं अजून थंडी आहे.

आणि आणखी एक लिहूनच ठेवते. बाळाचं नाव ठेवण्यावरून भाऊबहिणींची एवढी पत्रं झाली, त्यात ज्या बाईनं त्याला जन्म दिला तिला अजून कुणी काही विचारलेलं नाही! मी त्याला गुंड्या म्हणते. मला कुणाचीच परवानगी लागली नाही.

आता खरं काय झालं ते. तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून हे ऑल्डनकाकांना चुकवत होते. (मी त्यांना काका म्हणते. आधी त्यांना वाटलं ती शिवी आहे.) जिन्यात त्यांचा आवाज आला की हे आत थांबायचे. काका साधे आहेत, पण चाळीस वर्षं वर्गात काढलेला माणूस तो. त्यांनी मलाच गाठलं. "उत्तरा, डिड आय डू समथिंग राँग?" मला राहवेना. मी सगळं सांगितलं. आत्या म्हणजे कोण ते सांगितलं, गोदूआत्यांचं सांगितलं, तुम्ही कोपऱ्यात बसून रडलात तेही सांगितलं. रागावू नका. ते जिन्यावर बसून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "शी वॉज एट इयर्स ओल्ड?"

दुसऱ्या दिवशी टाय बांधून वर आले आणि तुम्हाला द्यायला पत्र दिलं. मूळ इंग्रजी सोबत जोडलंय. पण ते मी बाळाला मांडीवर घेऊन मराठीत केलंय, कारण मला ते आपल्या भाषेत वाचायचं होतं:

'प्रिय मिस पाटणकर, तुम्ही शिक्षिका आहात, मीही होतो, तेव्हा थोडक्यात लिहितो. आमच्या घरात नावं जुन्या कोटांसारखी खाली येत गेली. ज्याच्या अंगावर बसेल त्याला घालायची. मला पणजोबांचं आलं. मला ते कधी आवडलं नाही. त्या दिवशी दवाखान्यात नर्स म्हणाली तेव्हा पहिल्यांदाच ते कानाला बरं वाटलं. माझ्यानंतर ते कुणी घेणार नाही हे मी केव्हाच धरून चाललो होतो, आणि त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. तुमचा हक्क मला माहीत नव्हता. असा हक्क असतो हेच माहीत नव्हतं. कुणीतरी एक नाव इतकी वर्षं जपून ठेवलंय आणि ते ज्याचं आहे तो मुलगा आता आला आहे, ही फार चांगली गोष्ट आहे. मी काही सोडून देतोय असं कृपया समजू नका. दोन महिने मी अतिशय आनंदात होतो, आणि या वयात तेवढे पुष्कळ झाले. नाव बदलायचं ऑफिस कुठं आहे ते मी बघून आलोय. मी त्यांना गाडीतून नेईन. रस्ते आता कोरडे आहेत. आपला, ऑल्डन पर्किन्स.'

वन्सं, हल्ली ते बेकरीत जात नाहीत. पाव मीच आणते. म्हातारी विचारते, छोटा ऑल्डन कसा आहे?

तुम्ही सांगाल तसं आम्ही करू. यांनीही तसंच सांगायला सांगितलंय.

तुमची,
उत्तरा


कऱ्हाड
८ मे १९८३

चि. सौ. उत्तरा,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस कुणाशी नीट बोलले नाही. सरलाकाकूंना वाटलं पित्त झालंय.

डोळे माझ्यासारखे, हे वाचून चष्मा काढून आरशात बघून आले. तपासून बघतो म्हणतेस? बघू दे, बघू दे. तुला कुणी विचारलं नाही हे अगदी खरं, आणि शरमेनं मान्य करते. पण आम्हालाही कुणी विचारलं नव्हतं, तुझ्या सासूबाईंना तर नाहीच नाही. गुंड्या मला पसंत आहे. पुढच्या खेपेला तू म्हणशील ते नाव मी कानात सांगेन, हा माझा शब्द.

तुमच्या काकांचं इंग्रजी पत्र मी दहावीच्या मुलींना सुट्टीतल्या जादा तासाला वाचून दाखवलं, नमुना म्हणून. एकही शब्द जास्तीचा नाही. मला राग यायचा होता तो या माणसानं येऊच दिला नाही. भांडायला समोर कुणीतरी लागतं ना!

आता मी सांगते तसं करायचं. कुठल्याही ऑफिसात जायचं नाही. आधी बारसं. बावीस मे, रविवार, आमच्या संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे तुमच्या सकाळी नऊला, दिगंबर डॉक्टरांच्या घरी फोन लावा. नंबर प्रल्हादकडे आहे. डॉक्टरांनी त्या दिवशी संध्याकाळी कुणी आजारी पडू नये असं गल्लीत सांगून ठेवलंय.

बाळाला पाळण्यात घाला. पाळणा नसेल तर तिकडं जे काही झुलतं त्यात घाला. घुगऱ्या करा. चार मराठी बायका बोलवा. रिसीव्हर मिस्टर पर्किन्सांच्या हातात द्यायचा आणि त्यांनी तो बाळाच्या कानाला लावायचा. प्रल्हादच्या हातात नको, तो रडेल आणि रिसीव्हर पाडेल. दुसऱ्या कुणी कान लावायचा नाही.

नाव मी कानात सांगेन. आधी कुणाला सांगणार नाही आणि कुणाला विचारणारही नाही. गोदूआत्यानं कुणाला विचारलं होतं?

तुझी,
ताई


जर्सी सिटी
२२ मे १९८३

ती. ताई,

फोन तुटला! ऑपरेटरला किती वेळा सांगितलं, पुन्हा लागेचना. आणि आम्हाला अजून काहीच माहीत नाही! पाहुणे आत्ताच गेले आणि मी लगेच बसलोय लिहायला.

इथलं सांगतो. मोठ्या कपड्यांच्या टोपलीला चार दोऱ्या बांधून उत्तरानं पाळणा केला. सुलेखानं झेंडूऐवजी पिवळी डॅफोडिल्स लावली. अमित घुगऱ्या खाऊन म्हणाला, "यार, हे तर चाट झालं." ऑल्डनना मी काल सांगितलं की रिसीव्हर तुम्ही धरायचा, अशी बहिणीची ऑर्डर आहे. ते म्हणाले, बरोबर आहे, नाव बदलताना साक्षीदार लागतो. सकाळी आठलाच कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि हात साबणानं धुतले.

फोन लागला. तुझा आवाज एवढा मोठा येत होता की 'कुर्रर्र' आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. बाळ दचकलं आणि मग हसलं. मग तू हळू बोललीस. आम्ही सगळे टोपलीवर वाकलेले, एक शब्द ऐकू येईल तर शपथ. बाळाला सांगितलंस खरं, पण ते पठ्ठं काही फोडेना.

मग ऑल्डननी रिसीव्हर स्वतःच्या कानाला लावला, तू तसं सांगितलंस वाटतं. ते म्हणाले, "नो, मॅम. आय डोन्ट रिमेंबर इट." आणि हसले. मग रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरून ऐकत राहिले. त्यांचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. मग तुझी मोठ्यानं हाक ऐकू आली, पण शब्द कळला नाही. आणि ते ताठ उभे राहून म्हणाले, "येस, मॅम. आय ॲम हिअर." तेवढ्यात लाइन गेली.

आता धपाटे कुणाच्या पाठीत घालायचे? आत्या कऱ्हाडात! बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि सुलेखानं ऑल्डनच्या पाठीत पहिला घातला. मग सगळ्या तुटून पडल्या. ते विचारतात, "व्हॉट डिड आय डू?" मी म्हटलं, कस्टम आहे. म्हणाले, "चाळीस वर्षं शिकवलं, पण कुठल्याही विद्यार्थ्याची एवढी हिंमत झाली नव्हती!"

आम्ही सगळ्यांनी त्यांना गराडा घातला. काय म्हणाली? कोणतं नाव? त्यांनी रुमालानं डोळे पुसले, पण ओठ घट्ट. "तुझी बहीण म्हणाली, आपण दोघं मास्तर आहोत, निकाल लागायच्या आधी पेपर फोडायचा नाही. ती पत्र लिहिणार आहे." उत्तरानं जिलेबी देऊ केली. जिलेबी खाल्ली, नाव नाही सांगितलं! आत्ता खालून त्यांच्या ट्रंपेटचा आवाज येतोय. तीन वर्षांत मी तो ऐकला नव्हता.

ताई, तू जे नाव ठेवलंस ते ठेवलंस. मला दोन्हीत दुःख नाही, खरंच सांगतो. पण लवकर कळव, पोराला हाक काय मारू?

प्रल्हाद


कऱ्हाड
५ जून १९८३

चि. प्रल्हाद,

तुझं पत्र काल आलं. मी मुद्दामच थांबले होते. माणूस गुपित पाळतो का ते बघायचं होतं. जिलेबी खाऊनही पाळलं म्हणजे पहिल्या श्रेणीत पास.

तर ऐक. बाळाच्या कानात मी ऑल्डन म्हणाले. तीनदा, स्पष्ट. आत्यानं कानात सांगितलंय, तेव्हा आता ते कागदापुरतं नाही, पक्कं. कुठल्याही ऑफिसाची पायरी चढायची नाही. पोर नावाच्या मानानं लहान आहे हे खरं, पण जुना व्हायला त्याच्यापुढं भरपूर वेळ आहे, आणि मित्र तर तो आल्या दिवसापासून आहेच. त्याच्याच नावाचा, बर्फातून गाडी चालवणारा माणूस तुमच्या घराखाली राहतो. यापेक्षा चांगला अर्थ मला सात पुस्तकांत सापडला नसता. मी अर्थ पुस्तकातून मागत होते, आणि तू तो डोळ्यांनी बघितला होतास. एवढं तुझं बरोबर होतं. एवढंच. चहाबद्दल माफी नाही.

मग मी मिस्टर पर्किन्सांना म्हटलं, आता रिसीव्हर तुमच्या कानाला लावा, आणि माझं पत्र येईपर्यंत कुणापाशी काही फोडू नका. विचारलं, तुमचं बारसं झालं होतं का? ते म्हणाले, चर्चमध्ये पाणी शिंपडलं होतं म्हणतात, पण आठवत नाही. मी म्हटलं, मग आज करू. माझ्यापाशी एक नाव आहे. बत्तीस वर्षं जपून ठेवलंय, एकदाही वापरलेलं नाही. तुमचं तुम्ही माझ्या भाच्याला दिलंत, माझं मी तुम्हाला देते. आणि कुर्रर्र करून त्यांच्या कानात सांगितलं, श्रीरंग.

मला वाटलं फोन गेला. इकडं बायका धपाट्यासाठी हात उगारून उभ्या, डॉक्टर मिनिटं बघतायत, आणि पलीकडून नुसता श्वास ऐकू येतोय. मला एकदम भीती वाटली, की म्हाताऱ्या माणसाची आपण थट्टा तर नाही ना केली?

म्हणून मी हाक मारली. डॉक्टरांच्या ओसरीवर, सगळ्यांदेखत, लांब अंगणात खेळणाऱ्या पोराला मारावी तशी, घसा ताणून. ती हाक मी तुझ्या बारशाच्या सकाळनंतर कधी, कुणाला मारली नव्हती. सरलाकाकूंचा धपाटा पडला तो मला लागलासुद्धा नाही. प्रल्हाद, मी हाक मारली, आणि तिकडून ओ आली.

दोघांची आत्या,
मृणालिनी